पोथीला प्रश्न विचारणारा किनारा

१८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ नावाची एक लहानशी पुस्तिका छापून निघाली. लिहिणारे होते गोपाळ बाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळ गावचे, पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेले महार गृहस्थ. पुस्तिकेत आख्यान नव्हते, उपदेशही नव्हता. त्यात २६ प्रश्न होते आणि ते धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे ठेवला होता, त्यांनाच उद्देशून होते. विटाळ कशाच्या आधाराने मानायचा, तो आधार खरा कशावरून, आणि एकाचा स्पर्श चालतो तर दुसऱ्याचा का चालत नाही, असा त्या प्रश्नांचा रोख. शास्त्र सांगणाऱ्याने सांगावे आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी हा शिरस्ता होता. वलंगकरांनी ऐकणाऱ्याच्या बाजूला उभे राहून जाब मागितला.

वलंगकर जोतीराव फुल्यांच्या विचारात वाढलेले होते. ‘दीनबंधु’सारख्या पत्रांत ते लिहीत आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ नावाची संस्थाही त्यांनी उभी केली. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची रीत. माणूस चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचे, आणि तो वरचा की खालचा हे कशावरून ठरवायचे, हे दोन प्रश्न त्यांनी एकमेकांसमोर उभे केले. पुढची साठेक वर्षे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या काठाने हाच झगडा निरनिराळ्या रूपांत चालू राहिला. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. मुंबई-पुण्याच्या मासिकांतला वाद मुख्यतः लिहिणाऱ्यांचा होता. इथला वाद ऐकणाऱ्यांनी केला: देवळाच्या ओसरीवर, सिनेगॉगमध्ये, मांडवात, खारेपाटातल्या बांधावर. मराठी विचाराच्या इतिहासात या श्रोत्यांना वाचक म्हणून जागा मिळायला हवी. ती अजून पुरती मिळालेली नाही.

या किनाऱ्याच्या पाठीशी एक मोठा ग्रंथ आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, असे परंपरा मानते. ही घळ विस्मरणात गेली होती. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती १९३० मध्ये पुन्हा उजेडात आणली. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या असा या ग्रंथाचा पसारा. त्यातले दुसरे दशक म्हणजे माणसाच्या स्वभावाचा तपशीलवार पंचनामा. पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा, शेवटचा पढतमूर्खाच्या, आणि मध्ये रज, तम, सत्त्व या गुणांचे एकेक समास.

ही मूर्खलक्षणे नीट पाहावीत. आईबापांशी वैर धरणारा, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा, कारण नसताना हसणारा, असे एकामागून एक नमुने येतात. या यादीतल्या मूर्खाला जात नाही, पैसा नाही, वतन नाही. तो वाड्यात सापडेल, झोपडीतही सापडेल. पढतमूर्खाचा समास तर थेट विद्वानाच्या दाराशी जाऊन उभा राहतो: शिकलेला आहे, चार लोकांना सांगतो आहे, पण वागतो मात्र उलटे. इथे माणसाची किंमत वर्तनावरून ठरते. त्याच ग्रंथाच्या पाचव्या दशकाचा पहिला समास मात्र गुरू कोणाला म्हणावे हे सांगताना ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मांडून सुरू होतो. म्हणजे एकाच पोथीत दोन मापे. दुसऱ्या दशकात माप आचरणाचे, पाचव्याच्या आरंभी जन्माचे. ओसरीवर बसून पारायण ऐकणाऱ्या आगऱ्याने, कुणब्याने, कोळ्याने यातले कोणते माप मनाशी धरले, याची नोंद कोणी ठेवली नाही. तो श्रोता बोलू लागलेला दिसतो तो पुढच्या काळात.

आधी त्याच किनाऱ्यावरच्या एका वेगळ्या श्रोतृवर्गाकडे वळू. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, अष्टमी या पट्ट्यात बेने इस्राएल ज्यू शेकडो वर्षे राहत आले. दिवेकर, पेणकर, अष्टमकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली. बहुतेकांचा धंदा घाण्यावर तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घरात मराठी, नेसू मराठी, नवसाला एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा. एकोणिसाव्या शतकात जुना करार मराठीतून हाती आला, तेव्हा आपल्याच पूर्वजांच्या कथा या समाजाने मराठीत वाचल्या. १८८० मध्ये त्यांच्यातल्या काही मंडळींनी मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या, ओव्यांत रचली गेली. नारदीय कीर्तनाचा बाज घेऊन, टाळ आणि पेटीच्या साथीने ती उभी राहून गायली जाऊ लागली.

कीर्तनात कथा जशीच्या तशी सांगून चालत नाही. पात्र कसे आहे, ते तसे का वागले, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, हे श्रोत्यांपुढे उलगडावे लागते. योसेफाची कथा घ्या. भावांनी त्याला विकले, तो परमुलखात गुलाम झाला, पुढे मिसरच्या धान्यकोठारांचा कारभारी झाला, आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्यापुढे हात पसरून उभे राहिले. त्याने त्यांना ओळखले, त्यांनी त्याला ओळखले नाही. सत्ता हाती आलेल्या माणसाने आपल्याला विकणाऱ्यांचे काय करावे? हरिश्चंद्राचे आख्यान ऐकून कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला हा पेच समजावून द्यावा लागत नसे.

आणि तरीही हाच समाज गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल अशा दोन फळ्यांत विभागलेला होता. समाजाबाहेरच्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेली संतती ‘काळी’ ठरली, आणि तिच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. किहीमकर घराण्यातले हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३७ मध्ये, प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेल्या कीर्तनाने या समाजाला क्षमेची कथा दिली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेल्या उतरंडीने पंगतीतली भिंत दिली. दोन्ही एकाच अंगणातून आले. योसेफाचे आख्यान ऐकताना मागे बसलेल्या ‘काळ्या’ श्रोत्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार केल्याशिवाय ते कीर्तन पुरते ऐकले असे म्हणता येणार नाही.

आता महाड. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनेही गावातले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळाले नाही. दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी जिल्ह्यातल्या अस्पृश्यांची परिषद भरवण्याचा ध्यास घेतला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे यांची साथ मिळाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि हजारो लोकांनी पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. १०८ घागरींतून दूध, दही, शेण, गोमूत्र तळ्यात ओतले गेले.

या पहिल्या परिषदेची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. वाचनाचा, अर्थ लावण्याचा प्रश्न ऐरणीवर आला तो दुसऱ्या परिषदेत, २५ डिसेंबर १९२७ पासून. मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता, म्हणून मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली, सावित्रीच्या खाडीत शिरून दासगावच्या बंदराला लागली आणि तिथून पायी महाडला आली. मांडवाला जागा कोणी द्यायला तयार होईना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली.

बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषणात महाडच्या सभेची तुलना १७८९ मध्ये फ्रान्सात भरलेल्या राष्ट्रसभेशी केली. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, मांडवात, ज्यांना शाळेत बसू दिले जात नव्हते अशा हजारो माणसांपुढे व्हर्सायचा इतिहास उलगडला जात होता. ती तुलना भाषणाची शोभा वाढवायला आलेली नव्हती. समाज कोणत्या तत्त्वावर बांधायचा हे ठरवणारी सभा म्हणून या सभेकडे पाहा, असे श्रोत्यांना सांगितले जात होते. मग माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला आणि त्यामागोमाग मनुस्मृतीचा ठराव आला.

ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते, आणि त्याला पाठिंबा दिला पां. ना. राजभोज यांनी. सहस्रबुद्ध्यांनी आधी ग्रंथातले निवडक भाग सभेला वाचून दाखवले. दहनाचा तेवढा उल्लेख राहतो आणि त्याआधीचे हे वाचन विसरले जाते, म्हणून ते इथे मुद्दाम सांगायचे. ज्यांच्याविषयी तो ग्रंथ बोलतो, त्यांना तो काय बोलतो हे अशा जाहीर सभेत ऐकायला मिळाले.

काय बोलतो, याचा एकच नमुना पाहू. आठव्या अध्यायात शिवीगाळीच्या अपराधाची शिक्षा सांगितली आहे. क्षत्रियाने ब्राह्मणाला अपशब्द बोलला तर शंभर ‘पण’ (जुने नाणे) दंड, वैश्याने बोलला तर दीडशे किंवा दोनशे, शूद्राने बोलला तर देहदंड. उलट ब्राह्मणाने क्षत्रियाचा अपमान केला तर पन्नास पण, वैश्याचा केला तर पंचवीस आणि शूद्राचा केला तर बारा. शब्द तोच, अपराध तोच. किंमत बदलते ती बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या जन्माने. दासबोधातल्या मूर्खाला जात नव्हती, इथे शिवीलाही जात आहे. नीती म्हणजे कृत्याची पारख असे मानणाऱ्या कोणालाही या श्लोकांपाशी थांबावेच लागते. महाडचे श्रोते थांबले.

रात्री नऊच्या सुमारास वेदीत चंदनाच्या लाकडांवर मनुस्मृती जाळली गेली. दहन सहस्रबुद्धे आणि काही अस्पृश्य साधूंच्या हस्ते झाले. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. जुने पुस्तक, आज ते कोण पाळतो, मग जाळता कशाला, असा आक्षेप आला. बाबासाहेबांनी आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रातून उत्तर दिले. ते जर कोणीच पाळत नसेल, तर जळाल्याचे दुःख कशाला? आणि विलायती कापडाची होळी चालते, तर या होळीत वावगे काय? कापड जाळणारा एका राजवटीचा निषेध करतो, तसाच हा निषेध होता. मनुस्मृती त्यांनी दहनानंतरही टाकून दिली नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हे त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये इंग्रजीत आले. त्यात आणि नंतरच्या लेखनात मनूची वचने पानोपानी तपासलेली आहेत. इतक्या चिकाटीने हा ग्रंथ वाचणारे त्या पिढीत थोडेच असतील.

दोन दिवसांत या सभेपुढे दुसरा नैतिक पेच आला, आणि तो अधिक अवघड होता. तळ्यावर जाण्याला दिवाणी कोर्टाने तात्पुरती मनाई केली होती. सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती, तुरुंगात जायची तयारी होती. जिल्हाधिकाऱ्यांनी मांडवात येऊन समजावले. खूप खल झाला आणि अखेर मनाई मोडायची नाही असे ठरले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कोणी शिवले नाही. ज्यांनी धर्मशास्त्र जाळले, त्यांनीच कोर्टाचा हुकूम पाळला. काहींना ती माघार वाटली, आजही वाटते. पण यामागे स्पष्ट विवेक होता. जन्मावर शिक्षा ठरवणारा ग्रंथ सुधारण्याची सोय त्या ग्रंथातच नव्हती. कोर्टाच्या हुकमाला कोर्टातच आव्हान देता येत होते, आणि ते दिले गेले.

दहा वर्षे खटला चालला. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये ही फार पुरातन रूढी आहे. १९३१ मध्ये खालच्या कोर्टात दावा फेटाळला गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अपीलही फेटाळले. रूढी अनादि काळापासून चालत आली हे सिद्ध झाले नाही, असा निवाडा झाला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश. ‘पूर्वापार’ म्हणून जे डोळे झाकून मानले जाते, त्याचा पुरावा मागितला की काय होते, हे त्या निकालात दिसते. वलंगकरांच्या २६ प्रश्नांतला मुख्य प्रश्न कोर्टाने आपल्या भाषेत विचारला, आणि समोरच्याकडे उत्तर नव्हते.

महाडच्या परिषदेतली आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी वेगळे भाषण केले. लुगडे गुडघ्यापर्यंत वर नेसायचे, अंगावर ठरावीक धाटणीचे जाडजूड दागिने घालायचे, ही अस्पृश्य स्त्रीची दुरून कळणारी खूण होती. ती खूण टाका, लुगडे पायघोळ नेसा, दागिन्यांच्या ओझ्यापेक्षा स्वच्छता आणि मुलामुलींचे शिक्षण धरा, असे त्यांनी सांगितले. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रिया पुढे झाल्या आणि नेसायची नवी पद्धत दाखवू लागल्या. बायकांनी लगोलग लुगडी बदलून नेसली. ग्रंथात लिहिलेली उतरंड अंगावरच्या कापडातही लिहिलेली होती, आणि ती वाचून पुसण्याचे काम बायकांनी मांडवातच सुरू केले. पुरुषांच्या ठरावांपेक्षा हा बदल गावोगावच्या पाणवठ्यांवर आधी दिसला असणार.

महाडपासून उत्तरेला, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी वेगळीच सभा झाली. इथे पुढ्यात पोथी नव्हती, पुढ्यात कबुलायत होती: कुळाने खोताला, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराला, लिहून दिलेला कागद. पीक कसेही येवो, इतका खंड घालीन, अमुक वेठ करीन, तमुक देईन. अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे, आणि वाचून दाखवणारा खोताचाच कारकून. आगरी समाजातले नारायण नागू पाटील यांनी गावोगाव फिरून या कागदाचा अर्थ कुळांना समजावला. त्यांच्यावर भाषणबंदीही आली. चरीच्या सभेत पंचवीस गावच्या कुळांनी ठरवले की खोताची जमीन कसायची नाही.

हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. शेतकऱ्यांचा एवढा लांबलेला संप देशात दुसरा सांगता येणे कठीण. त्याची किंमत कळायची तर खारेपाट कळायला हवा. भरतीच्या पाण्याला बांध घालून काढलेली ही भातशेती. बांध राखायला गावकऱ्यांची जोळ, म्हणजे सामूहिक व्यवस्था, असते, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, गोडे पाणी बाहेर सोडावे लागते आणि खारे आत येऊ द्यायचे नसते. एका उधाणात बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही, तर जमिनीत मीठ मुरते. ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. जमीन पडीक ठेवणे म्हणजे एका हंगामाचे नुकसान सोसणे एवढेच नव्हते. आजोबा-पणजोबांनी चिखलात उभे राहून उभी केलेली जमीन समुद्राला परत जाताना पाहणे होते. कुळांनी ते पाहिले. जंगलातला लाकूडफाटा विकून, खाडीत मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले.

पेरणीच्या दिवसांत नांगर उभा ठेवणे हे शेतकऱ्याच्या नीतीत बसत नाही. जमीन ही आई, तिला ओसाड टाकणे पाप, असे त्याला लहानपणापासून शिकवलेले. खोतांनाही हे ठाऊक होते, आणि कुळे फार दिवस धीर धरणार नाहीत असा त्यांचा हिशेब असावा. चरीच्या कुळांनी जमिनीशी इमान आणि मालकाशी इमान या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. विचाराच्या दृष्टीने हे काम महाडच्या ठरावाइतकेच मोठे होते, असे मानायला हरकत नाही. फरक इतकाच की महाडच्या ठरावाची भाषणे छापून राहिली, आणि चरीचा युक्तिवाद बहुतांशी पडीक शेतांतच राहिला.

डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. महाड आणि चरी इथे एकमेकांना भेटले. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या दिवशीच्या भाषणात, जगात खरे तर श्रीमंत आणि गरीब अशा दोनच जाती आहेत, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. जातीवर बोट ठेवणारा माणूस वर्गाची भाषा बोलत होता, आणि समोर आगरी, कुणबी, महार कुळे एका रांगेत उभी होती. पण गावी परतल्यावर त्यांचे पाणवठे एक झाले का? वर्गाची एकी मोर्चात घडते आणि जातीची भिंत आडावर उभी राहते, ही अडचण त्या काळच्या कार्यकर्त्यांना पुरेपूर माहीत होती. महाडच्या पहिल्या परिषदेसाठी झटलेले रामचंद्र मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तरी आंबेडकरांवरची निष्ठा त्यांनी सोडली नाही. जात आधी की वर्ग आधी, हा वाद त्यांनी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी अंगावर घेतला. त्यांचे आत्मकथन म्हणूनच या जिल्ह्याच्या वैचारिक इतिहासातला फार मोलाचा दस्तऐवज आहे.

नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले, आणि कुळांना त्यांच्या प्रश्नावरचे छापील शब्द मिळू लागले. खोती अखेर गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

जमिनीच्या प्रश्नाला या जिल्ह्यातून आणखी एक उत्तर निघाले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी संस्कृत न येणाऱ्या आईसाठी म्हणून गीतेची ‘गीताई’ केली, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि १९५१ पासून जमीनदारांकडे दान मागत देशभर चालत गेले. विनोबांनी जमीनवाल्याच्या अंतःकरणाला हात घातला, चरीने त्याच्या खंडाला. गागोदे आणि चरी यांच्यात अंतर थोडे. नीतीच्या दृष्टीने मात्र ही दोन टोके आहेत, आणि कुळाच्या हातात जमीन राहिली ती चरीच्या वाटेने, कायद्याच्या जोरावर.

रेवदंड्याचे नारायण विष्णू धर्माधिकारी, म्हणजे नानासाहेब, यांनी १९४३ मध्ये मुंबईत गोरेगावला पहिली श्रीसमर्थ बैठक सुरू केली. शिवथरघळीतला दासबोध पुन्हा किनाऱ्यावरच्या माणसांपुढे आला, पण यावेळी पारायणाच्या रूपात नव्हे. जमिनीवर बसायचे, एक समास वाचायचा, मग त्याचे साध्या मराठीत निरूपण. पुढे गिरणगावातले कोकणी कामगार, किनाऱ्यावरचे आगरी, कोळी, कुणबी मोठ्या संख्येने बैठकीला बसू लागले. दारू सुटली, घरात मार बंद झाला, मुले शाळेत गेली, असे सांगणारी कुटुंबे रायगडच्या गावागावात भेटतात. दुसऱ्या दशकातली लक्षणे इथे स्वतःला लावून पाहिली जातात: यातला मूर्ख मी आहे का? चारित्र्याचा प्रश्न ग्रंथातून निघून घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो, तो असा.

पण पाचव्या दशकाचा पहिला समासही त्याच ग्रंथात आहे. तो वाचला जातो तेव्हा आगरी किंवा कोळी श्रोता त्याचा अर्थ कसा लावतो? जन्माने ब्राह्मण असा, की ब्रह्म जाणणारा असा? की तो समास तो मनातल्या मनात बाजूला ठेवतो आणि मूर्खलक्षणांकडे परत जातो? चरीच्या संपात ज्याच्या बापाने नांगर उभा ठेवला, तो मुलगा पुढे बैठकीत बसला असेल, तर मालकाशी इमान आणि गुरूशी निष्ठा यांत तो काय फरक करत असेल? वलंगकरांचे प्रश्न छापील आहेत, महाडचे ठराव छापील आहेत, मोरे आणि पाटील यांनी आपले अनुभव लिहून ठेवले. बेने इस्राएल समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, आणि त्यांची आख्याने ऐकलेले कान किनाऱ्यावर फार थोडे उरले आहेत. बैठकीतले जुने श्रोते, संपाच्या वर्षांत जन्मलेले म्हातारे आगरी मात्र अजून खारेपाटात भेटतात. त्यांच्याशेजारी ओटीवर बसून, ते ग्रंथ कसे ऐकतात, कुठे थांबतात आणि काय सोडून देतात, हे त्यांच्याच बोलीत टिपून घेण्याचे काम अलिबाग-पेणच्या कॉलेजांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यायला हवे.